सोसायटीच्या आवारात उमटलेले ठसे कुणाचे? घूस, मांजर, मुंगूस की उदमांजर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगाव पूर्वेला, आरेच्या कुंपणाला लागून असलेल्या सोसायटीत तळमजल्यावर घर. पावसाळ्यात तीन प्रकारचे ठसे दिसले. पहिला मागच्या वाफ्यात, ड्रेनेज चेंबरच्या झाकणापाशी: चार खळग्यांचा, जवळपास सात सेंटीमीटरचा, मधून एक बारीक रेघ गेलेली. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर ‘बिबट्याचं पिल्लू’ म्हणून फिरतो आहे. दुसरे ठसे पार्किंगमधल्या धुळीत आणि गाडीच्या बॉनेटवर, गोल पंज्यांचे. तिसरे कंपाउंडच्या भिंतीलगत, पाच बोटांचे, तीनेक सेंटीमीटरचे. परदेशात लोक अंगणातल्या बर्फावरून प्राणी ओळखतात, तसं मुंबईत करता येईल का आणि कसं?

करता येतं. ग्रुपवरची घबराट आधी थांबवू या. चेंबरपाशी दिसतो तो एक पंजा नाही, ती चार पावलं आहेत. उंदीर किंवा घूस उडी मारत जाते तेव्हा चारही पाय एका ठिकाणी टेकतात आणि त्यांचा एक पुंजका उमटतो. लांबून तो चार बोटांच्या मोठ्या पंज्यासारखा दिसतो. मधली बारीक रेघ शेपटीची. बिबट्या शेपूट जमिनीला लावून चालत नाही, आणि त्याच्या ठशात बोटांच्या मागे एक मोठी गादी हवीच. इथे गादीच नाही. वाकून पाहिलं तर प्रत्येक खळग्यात पुन्हा बारीक बोटं मोजता येतील: पुढच्या पायांची चार-चार, मागच्यांची पाच-पाच. चेंबर, वाफा आणि शेपटीची रेघ हे तिन्ही एकत्र आल्यावर मी घूसच म्हणेन. भिंतीच्या बुडाशी भोक आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा दिसला की शंका उरत नाही.

ही चूक का होते? कारण आपण पहिल्यांदा आकार बघतो. खरं तर आकार सगळ्यात शेवटी बघायचा. क्रम असा ठेवा: आधी चाल, मग बोटांची संख्या, मग नखं, मग तळव्याची गादी, आणि त्यानंतर पट्टीने माप. ओल्या चिखलात पाय रुततो, कडा बाहेर ढकलल्या जातात, वर पावसाची सर आली की त्या कडा गोल होऊन पसरतात. सकाळचं मांजर दुपारपर्यंत रानमांजर झालेलं असतं. बर्फातही हेच होतं. ऊन पडलं की ठसा वितळून मोठा दिसतो, आणि तिकडचे अनुभवी लोकही आकारावर विसंबत नाहीत.

बर्फ आणि आपला चिखल यांत खरा फरक एवढाच की बर्फ अख्ख्या अंगणाला कोऱ्या कागदासारखा झाकतो. प्राणी बिळातून निघाला, कुठे थांबला, कुठल्या झाडावर चढला, हे एका ओळीत वाचता येतं. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक, काँक्रीट आणि लादी यांच्या मध्ये कुठेतरी वीतभर चिखल असतो. ओळीतले तीन-चारच शब्द हाती लागतात. म्हणून ठसा कुठे उमटला आहे आणि कुठून कुठे चालला आहे, हे इथे जास्त काळजीने बघावं लागतं.

चाल

मांजर, कुत्रा, कोल्हा, उदमांजर हे चालत जाणारे. त्यांचे ठसे डावं-उजवं, डावं-उजवं असे एका ओळीत पडतात. मांजराची ओळ फार अरुंद, जवळजवळ दोरी आखल्यासारखी. शिवाय ते मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच टाकतं, त्यामुळे चार पायांच्या जनावराचे दोनच पायांचे ठसे दिसतात. ठसा नेमका ठशावर पडला नाही, थोडा सरकला, तर सहा-सात बोटांचा लांबट पंजा तयार होतो आणि लोक चक्रावतात. असा ठसा दिसला की त्याच ओळीतला पुढचा-मागचा ठसा बघा; दहापैकी दोन-तीन तरी स्वच्छ मिळतात.

भटक्या कुत्र्याची ओळ रुंद आणि वळणावळणाची असते. तो प्रत्येक खांबाशी जातो, परत येतो, मध्येच गोल फिरतो. रानातला प्राणी सहसा सरळ, कामापुरता चालतो. हा नियम पक्का नाही, पण इशारा चांगला आहे.

खार, उंदीर, घूस हे उड्या मारणारे. उडीत पुढचे पाय आधी टेकतात आणि मागचे त्यांच्या बाहेरून पुढे येऊन पडतात. म्हणजे पुंजक्यात जे मोठे ठसे पुढे दिसतात ते मागच्या पायांचे, आणि प्राणी गेला त्या दिशेला. बरेच जण ही दिशा उलटी वाचतात. खार आणि उंदीर यांच्यातला फरकही इथेच सापडतो. झाडावर राहणाऱ्या खारीचे पुढचे दोन पाय शेजारी-शेजारी, एका रेषेत पडतात. उंदराचे एक पुढे, एक मागे असे तिरपे पडतात. खारीची ओळ झाडाच्या बुंध्यापाशी सुरू होते किंवा तिथे संपते. उंदराची भिंतीला धरून जाते आणि भोक, गटार किंवा पाइपपाशी नाहीशी होते. उंदीर सावकाश चालतो तेव्हा पुंजका होत नाही. सुटी पावलं आणि मध्ये शेपटीची तुटक रेघ दिसते.

तिसरी चाल फेंगडी. घोरपड आणि सरडा यांचे पाय अंगापासून लांब पडतात आणि मधून शेपटीची नागमोडी रेघ जाते.

बोटं मोजणं

इथे तीन गट पाठ करून टाका, अर्धं काम होतं. पुढे चार आणि मागे पाच बोटं म्हणजे कुरतडणारे: उंदीर, घूस, खार. पुढे-मागे चार-चार म्हणजे मांजर, कुत्रा, कोल्हा, बिबट्या (पुढच्या पायाचं पाचवं बोट वर असतं, जमिनीला लागत नाही). पुढे-मागे पाच-पाच म्हणजे मुंगूस, उदमांजर, चिचुंद्री, घोरपड.

एक फसवा प्राणी आहे, तो म्हणजे भेक, खरखरीत कातडीचा बेडूक. पावसाळ्यात सोसायटीच्या दिव्यांखाली बसलेल्या जाड्या भेकालाही पुढे चार आणि मागे पाच बोटं असतात, आणि तोही उड्या मारतो. त्याचा पुंजका उंदराच्या खात्यात सहज जमा होतो. ओळखायचं कसं? भेकाच्या पुढच्या पायांची बोटं आतल्या बाजूला, एकमेकांकडे वळलेली असतात. ठशात गादीचे उठाव नसतात, फक्त बोटांच्या रेघा, आणि मागची लांब बोटं चिखलात ओरखडा काढत जातात. उड्याही आखूड असतात.

उंदराचा मागचा पाय जवळून बघण्यासारखा असतो. मधली तीन बोटं सरळ पुढे, जवळजवळ समांतर. कडेची दोन दोन्ही बाजूंना फाकलेली. पुढचा पाय चार टोकांच्या चांदणीसारखा. घरातल्या काळ्या उंदराचा मागचा पाय टाचेसकट साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. मोठ्या घुशीचा पाच सेंटीमीटरपर्यंत जातो. पण टाच दरवेळी टेकत नाही, म्हणून लांबीपेक्षा रुंदी मोजा. चिचुंद्रीचं पाऊल दीड-दोन सेंटीमीटरचं, पुढे-मागे पाच बोटं, आणि ओळ भिंतीच्या इतकी जवळ की ठशाची एक बाजू प्लास्टरला लागलेली. लहान उंदीर समजून पिंजरा लावण्याआधी पुढच्या पायाची बोटं मोजा. चार असतील तर उंदीर, पाच असतील तर चिचुंद्री. आणि चिचुंद्री झुरळं आणि किडे खाते, तिला मारण्याचं कारण नाही.

मांजर, कुत्रा, कोल्हा आणि ज्याची सगळ्यांना धास्ती आहे तो

पार्किंगमधले आणि बॉनेटवरचे तुमचे गोल पंजे मांजराचेच आहेत. बॉनेटवर दुसरं कोण चढणार? इंजिन गरम असतं, पावसाळ्यात आणि थंडीत मांजरांची ती ठरलेली जागा. पण मांजराचा ठसा नीट शिकून घ्या, कारण बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी करायची आहे.

मांजराचा पुढचा पंजा गोल, तीन-साडेतीन सेंटीमीटर रुंद. नखं दिसत नाहीत. चार बोटं गादीभोवती अर्धगोलात, पण सारखी नाहीत: आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखं एक बोट थोडं पुढे असतं. ते बोट ज्या बाजूला झुकलेलं, त्यावरून पाय डावा की उजवा कळतो. गादीच्या मागच्या कडेला तीन लहान फुगवटे असतात. हे तीन फुगवटे दिसले की मार्जारकुळातला प्राणी आहे एवढं ठरलं.

कुत्र्याचा ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंना सारखा. बोटं आणि गादी यांच्या मधल्या उठावावर काडीने फुलीसारख्या दोन रेघा मनातल्या मनात काढता येतात. मांजराच्या ठशात त्या गादीवरून जातात. नखं समोर टोचलेली दिसतात. पण नखांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सिमेंटवर दिवसभर फिरणाऱ्या कुत्र्याची नखं झिजून बोथट होतात आणि कडक मातीत उमटतच नाहीत. उलट चिखलात घसरणारं मांजर तोल सावरायला नखं बाहेर काढतं. नख दिसलं म्हणून कुत्रा, नाही दिसलं म्हणून बिबट्या, या एका निकषावर सोसायट्यांत मीटिंगा झालेल्या आहेत. गादीचा आकार बघा, तो खोटं बोलत नाही.

विक्रोळी, चारकोप अशा खारफुटीच्या काठावर राहत असाल तर कोल्ह्याचा ठसाही मिळू शकतो. लहान, अरुंद कुत्र्यासारखा. पण मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. ओल्या गाळात ते स्पष्ट दिसतं. गोरेगावच्या आत, आरेच्या बाजूला, चार बोटांचा नखांचा ठसा दिसला तर पहिला संशय कुत्र्यावरच घ्या.

आता बिबट्या. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि आरेचा भाग त्याला लागून आहे. बिबटे इथे राहतात, त्यामुळे शक्यता हसण्यावारी नेऊ नये. मोठ्या बिबट्याचा पंजा सात-आठ सेंटीमीटर रुंद भरतो. त्याची नुसती गादीच मांजराच्या अख्ख्या पंज्याहून मोठी असते. पट्टी नसेल तर चालीवरून अंदाज घ्या: मांजराचं एक पाऊल वीतभर, बिबट्याचं हातभर. लहान पिल्लू एकटं सोसायटीत फेरफटका मारत नाही, ते आईबरोबर असतं. म्हणून पिल्लाचा म्हणून दाखवलेला ठसा खरा असेल तर आसपास आईचा मोठा ठसाही हवा. तो नसेल तर ते मांजर आहे. खरोखर मोठा, गादीच्या मागे तीन फुगवटे असलेला ठसा मिळाला, तर त्यावर घमेलं उलटं ठेवा, पायवाट वळवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ग्रुपवर टाकायचा फोटो त्यानंतर.

तिसरा ठसा: मुंगूस की उदमांजर

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग हाच. पाच बोटं, तीन सेंटीमीटर, भिंतीलगत. मुंबईत हे दोघेही आहेत, आणि दोघांचे ठसे लोक मांजराच्या नावावर घालतात, कारण पाचवं बोट लहान असतं आणि हलक्या मातीत ते उमटत नाही. चार बोटं मोजली आणि थांबलात की चुकलात. आतल्या बाजूला, बाकीच्यांपेक्षा मागे, मुगाच्या दाण्याएवढा खळगा शोधा.

मुंगसाचा पुढचा पंजा नखांवरून ओळखा. ते माती उकरून किडे काढतं, त्यामुळे पुढची नखं लांब असतात आणि आत ओढली जात नाहीत. ठशात बोटाच्या टोकापासून थोडं अंतर सोडून सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसतात. बोटं फाकलेली, गादी लहान, सगळा ठसा अडीच ते साडेतीन सेंटीमीटरमध्ये. आजूबाजूला उकरलेले लहान शंकूसारखे खड्डे, उलटलेली पानं, कुंडीच्या बुडाशी खरवडलेली माती हाही मुंगसाचाच कारभार. ते उघडं मैदान टाळतं. भिंत, कुंपण, जास्वंदीची रांग धरून जातं.

उदमांजर, ज्याला कोकणात कांडेचोर म्हणतात, ते झाडावरचं जनावर. त्याचे तळवे उघडे, केस नसलेले आणि मांसल असतात, त्यामुळे ठशात गादी मोठी आणि भरीव दिसते. बोटं एकमेकांना चिकटून, नखांचे ठिपके बोटाच्या अगदी जवळ आणि बारीक. ठसा मुंगसापेक्षा मोठा, साधारण चार सेंटीमीटरच्या पुढे. मागच्या पायात टाचेचा भाग टेकतो, म्हणून तो ठसा लांबट होतो, जणू लहान मुलाचं अर्धवट पाऊल. मधली दोन बोटं जोडल्यासारखी जवळ पडतात. आणि त्याची ओळ जमिनीवर फार लांब जात नाही. पाइप, झाड, डक्टचा कोपरा, छज्जा इथे ती वर चढते. चुना लावलेल्या भिंतीवर पाइपच्या शेजारी चिखलाचे चढते डाग दिसले तर ते शोधा.

जवादी मांजर (उदमांजराच्याच कुळातलं) हा तिसरा दावेदार. ते जास्त करून जमिनीवरच फिरतं, बोटांवर चालतं, आणि त्याचा ठसा आटोपशीर, मांजरासारखाच. फक्त नखांचे पुसट ठिपके आणि कधीतरी पाचवं बोट. चिखलात स्वच्छ ठसा मिळाल्याशिवाय जवादी आणि मांजर यांत छातीठोक निवाडा करू नये.

पायांव्यतिरिक्त एक पुरावा तुमच्या गच्चीवर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर मिळेल. उदमांजर उंच, मोकळ्या जागी, आणि बहुतेक त्याच-त्याच जागी विष्ठा टाकतं. त्यात जांभूळ, उंबर, पपई यांच्या बिया जशाच्या तशा असतात. मुंगसाच्या विष्ठेत किड्यांची कवचं आणि केस. काडीने बघा, हाताने नाही.

घोरपड, साप आणि पक्षी यांच्याबद्दल थोडक्यात. घोरपडीच्या चारही पायांना लांब नखांची पाच बोटं आणि मध्ये जाड शेपटीची रेघ. एकदा पाहिली की विसरत नाही. सापाच्या वळणदार पट्ट्यात प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या बाजूला माती किंचित ढकललेली दिसते, पण त्यावरून तो विषारी की बिनविषारी हे ठरत नाही. पट्टा भोकात गेला असेल तर हात घालू नका. कावळ्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे, मागच्याची ओरखडलेली रेघ. दोन बोटं पुढे आणि दोन मागे असा इंग्रजी एक्ससारखा मोठा ठसा झुडपाखाली दिसला तर तो भारद्वाज. लांब, काडीसारखी बारीक बोटं नाल्याकाठी असतील तर पाणकोंबडी.

बर्फाऐवजी रांगोळी

ठसा उमटायची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच कागद पसरावा. दोन पद्धती आहेत, ऋतूप्रमाणे निवडा.

कोरड्या दिवसांत, किंवा पावसाळ्यात स्टिल्ट पार्किंगच्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या) आत, काळ्या कडप्प्याचा तुकडा वापरा. किचनच्या कामातून उरलेला दोन फूट बाय दोन फुटांचा मिळाला तर उत्तम. त्यावर पांढरी रांगोळी मैद्याच्या चाळणीने एक मिलिमीटर जाडीची चाळा. साधारण अर्धा किलो लागते. चाळताना नाकाला रुमाल बांधा. थर पातळ हवा. पाय पडला की रांगोळी तळव्याला चिकटून उचलली जाते आणि खालचा काळा दगड बोटाबोटाने उघडा पडतो. जाड थरात कडा ढासळतात आणि पाच बोटांची तीन होतात. गुळगुळीत चकचकीत टाइल नको, प्राणी त्यावर घसरतो आणि पुढच्या वेळी वळसा घालतो. जुलैच्या दमट हवेत रांगोळीच्या गुठळ्या होतात. तव्यावर कोरडी गरम करून, गार करून पुन्हा चाळली की चालते.

उघड्यावर, वाफ्यात, वाळूचा ट्रे बरा. प्लास्टरची बारीक वाळू तीन भाग, चाळलेली माती एक भाग. दोन फुटी चौकोनात एक सेंटीमीटर थराला पाचेक किलो मिश्रण लागतं. त्यावर पाव लिटर पाणी शिंपडून हाताने कालवा. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. लाकडी पट्टीने सपाट करा आणि अंगठा दाबून बघा: अंगठ्याच्या रेषा दिसल्या तर ट्रे तयार. दिसल्या नाहीत तर वाळू जाड किंवा कोरडी आहे. वर पत्र्याचा किंवा जुन्या फ्लेक्सचा तुकडा दीड-दोन फुटांवर तिरका बांधा, नाहीतर पहिल्याच सरीला सगळं सपाट.

पीठ वापरू नका. मुंग्या येतात, उंदीर ते खातात आणि तुम्ही ओळखायला नव्हे तर बोलवायला बसलात असं होतं. चुना अजिबात नको, ओल्या तळव्यांना पोळतो. खाऊही ठेवू नका. ट्रेची जागाच खाऊचं काम करते: भिंतीला चिकटून, गेटखालच्या फटीसमोर, पंप रूमच्या कोपऱ्यात. मैदानाच्या मधोमध ठेवलेल्या ट्रेवर फक्त कावळे येतात. फिनेल मारलेल्या पट्ट्यापासून चार-पाच फूट लांब राहा. आणि झाडूवाल्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा. सगळ्यात जास्त ठसे त्यांच्या खराट्याखाली जातात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

फोटो आणि साचा

फोटो भर दुपारी काढला तर ठसा सपाट दिसतो. सकाळी आठच्या आत काढा, किंवा मोबाइलची टॉर्च दुसऱ्या कुणाला जमिनीलगत, ठशाच्या बाजूने धरायला सांगा. तिरप्या उजेडात प्रत्येक फुगवटा सावली टाकतो. मोबाइल ठशाच्या बरोबर वर, जमिनीला समांतर धरा. शेजारी पट्टी ठेवा. ती नसेल तर दहा रुपयांचं नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. एक फोटो ठशाचा, एक चार-पाच ठशांच्या ओळीचा, एक जागेचा. ओळीच्या फोटोशिवाय ओळख मागितली तर उत्तर देणाराही अंदाजच करतो. मोजताना ठशाच्या तळाची लांबी-रुंदी घ्या, वर पसरलेल्या कडांची नाही.

ठसा जपून ठेवायचा असेल तर पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिस) साचा घ्या. दुधाच्या पिशवीची किंवा पुठ्ठ्याची चार सेंटीमीटर उंच पट्टी गोल करून ठशाभोवती रोवा. ठशात पाणी साचलं असेल तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या, पुसू नका. दोन वाट्या पीओपी एका वाटी पाण्यात घाला (पाणी पीओपीत नाही, गुठळ्या होतात), चमच्याने सावकाश ढवळा, हवेचे बुडबुडे वर येऊ द्या. ठशावर थेट ओतू नका, शेजारी ओता आणि आत वाहू द्या. पाऊण तास थांबा, पावसाळ्यात एक-दीड तास. मग खालून मातीसकट उचला आणि दुसऱ्या दिवशी ओल्या ब्रशने माती काढा. पीओपी घट्टच झालं नाही तर ते जुनं आहे. उघडी पिशवी मुंबईच्या हवेत महिन्याभरात खराब होते. उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, तिथेच घट्ट होऊन पाइप बसेल.

हे सगळं करताना रबरी हातमोजे घाला. चेंबरजवळच्या चिखलात उंदीर-घुशींचं मूत्र असतं आणि पावसाळ्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) तिथूनच येतो. पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर अनवाणी किंवा चपलेवर त्या वाफ्यात उतरू नका. काम झालं की साबणाने हातपाय धुवा, आणि चिखलात वावरल्यानंतर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना चिखलाचं नक्की सांगा.

मुंगूस, उदमांजर, घोरपड या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. ठसा सापडला म्हणून सोसायटीने पिंजरा लावायचा नसतो. पकडणं हा गुन्हा ठरतो.

आता तुमच्या तिसऱ्या ठशाचं काय करायचं ते सांगतो. तीन सेंटीमीटर म्हटल्यावर माझा कौल मुंगसाकडे आहे, पण तुमच्या फोटोत नखांचे ठिपके नीट दिसत नाहीत आणि चिखल फार ओला होता. यावर सोपा उपाय घड्याळाचा. मुंगूस दिवसा फिरतं, उदमांजर रात्री. भिंतीलगत त्याच जागी वाळूचा ट्रे ठेवा. संध्याकाळी सात वाजता पट्टी फिरवून सपाट करा, पहाटे साडेपाचला बघा आणि फोटो काढून पुन्हा सपाट करा. मग संध्याकाळी पुन्हा बघा. असं पाच-सहा दिवस चालू द्या. पाच बोटांचा ठसा पहाटेच्या फोटोत आला तर गच्चीवर बिया शोधायला जा. संध्याकाळच्या फोटोत आला तर जास्वंदीखाली उकरलेले खड्डे मोजा. दोन्ही वेळा आला, तर ट्रे आणखी एक आठवडा तिथेच असू द्या आणि दोन्ही वेळचे फोटो वेगवेगळे ठेवा, कारण मग तुमच्याकडे दोघंही येत आहेत.